आई जागीच होती

दिवाळी अंकांतल्या कथांचा एक ठरलेला शेवट आहे. तो ज्याने वाचला नाही असा वाचक सापडणे कठीण, आणि तो ज्याने एकदा तरी लिहिला नाही असा कथाकार सापडणे त्याहून कठीण. दोन भावंडे रात्री उठतात. घर निजलेले असते. पाय न वाजवता ती स्वयंपाकघरात जातात, पाटावर पाट रचतात, फडताळातला डबा काढतात. अंधारात चकली कडकन मोडते आणि दोघे श्वास रोखून उभी राहतात. मग शेवटच्या ओळीत कळते की, आई जागीच होती! पांघरुणात तोंड खुपसून ती हसत होती. वाचकाचे डोळे पाणावतात, संपादकांचे खुशीचे पत्र येते, आणि पुढल्या वर्षी दुसरे कोणी हाच शेवट लिहिते.

हा शेवट मीही लिहिलेला आहे. तेव्हा या लेखात जे दोष दाखवणार आहे ते आधी माझ्या पदरात घेते आणि मग पुढे जाते.

शाळेत एकदा मी मुलांना 'रात्री घडलेली एक गंमत' असा निबंधाचा विषय दिला. वह्या तपासायला घेतल्या, तर बहुतेकांच्या निबंधात मांजर होते, वीज गेलेली होती, आणि शेवटी आई हसली होती. एक मुलगा मात्र निबंध अर्धा टाकून माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "बाई, आमच्या घरी कुणाला कळलंच नाही. मग शेवट काय लिहू?" मी त्याला काय उत्तर दिले ते आता आठवत नाही. बहुधा मी म्हटले असेन, की आईला कळले असे लिही. गुण देणाऱ्यांना काय आवडते हे मुलांना बरोबर ठाऊक असते, आणि ते त्यांना आम्हीच शिकवलेले असते.

त्या मुलाचा प्रश्न मोठा आहे. भावंडांच्या रात्रीच्या साहसात मुख्य गोष्ट कोणती? डबा नव्हे, चकली नव्हे, अंधारही नव्हे. या घरात या क्षणी जे चालले आहे ते फक्त आपल्या दोघांना ठाऊक आहे, ही जाणीव मुख्य. मुलांचे बाकीचे सगळे आयुष्य मोठ्यांच्या मालकीचे असते. उठण्याची वेळ, जेवणाचे ताट, अंगातला सदरा, परीक्षेतले गुण, कशावरही त्यांचा हक्क नसतो. एवढी एक रात्र त्यांची स्वतःची. आणि आमचे कथाकार शेवटच्या ओळीत आईला जागी करून तीही काढून घेतात! मुलांनी चकली चोरली म्हणून कौतुकाने हसणाऱ्या मोठ्यांनी स्वतः केवढी चोरी केली, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

जे लेखक या मोहात पडले नाहीत त्यांनी काय केले, हे पाहण्यासाठी मी काही जुनी-नवी पुस्तके आणि एक चित्रपट पुन्हा उलगडून पाहिले.

जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी आपल्या लोककथांचा पहिला खंड १८१२ साली छापला. त्यातली हान्सेल आणि ग्रेटेल या भावाबहिणीची गोष्ट आपल्याकडेही मुलांना ठाऊक असते; पण आपण सांगताना घाईने खाऊच्या घरापाशी आणि चेटकिणीपाशी जातो. गोष्टीचा खरा प्राण मला त्याआधीच्या रात्रीत दिसतो. लाकूडतोड्याच्या घरी अन्न उरलेले नाही. पोटात भूक आहे म्हणून मुलांना झोप येत नाही, आणि झोप नाही म्हणून आईबापांचे बोलणे त्यांच्या कानी पडते: उद्या या दोघांना रानात नेऊन सोडायचे. ग्रेटेल रडू लागते. हान्सेल तिला गप्प करतो, आईबाप झोपेपर्यंत थांबतो, अंगात कोट चढवून दार उघडतो आणि बाहेर जातो. चांदण्यात पांढरे खडे नाण्यांसारखे चमकत असतात. त्यांनी खिसे भरून तो परत येतो आणि बहिणीला झोप म्हणतो.

आमच्या दिवाळी अंकातल्या कथेत आई जागी असते आणि मुलांना ते ठाऊक नसते. या गोष्टीत मुले जागी असतात आणि आईबापांना ते ठाऊक नसते! सगळी रचनाच उलटी. ही उलटी रचनाच मला सुलटी वाटते, कारण घरात वाईट काही चालले असले की मुले खरोखरच जागी असतात. पगार कमी आला, उसनवारी झाली, कोणाचे दुखणे वाढले, की मोठी माणसे दिवा मालवून हलक्या आवाजात बोलतात आणि समजतात की पलीकडच्या अंथरुणात दोन दगड पडले आहेत. वर्गात सकाळी पेंगणारे मूल दिसले की मी आता त्याला ओरडत नाही.

त्या गोष्टीतला आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. सकाळी रानाच्या वाटेवर हान्सेल मागे वळून वळून खडे टाकतो. बाप विचारतो, मागे काय बघतोस? तो सांगतो, छपरावर माझे पांढरे मांजर बसले आहे, त्याला बघतो. आई म्हणते, मांजर कसले, धुराड्यावर सकाळचे ऊन पडले आहे. लहान मुलाचे खोटे मोठ्या माणसाने दुरुस्त केले, आणि त्या दुरुस्तीच्या आड खरे लपून राहिले. मोठ्यांच्या शहाणपणाची इतकी सफाईदार थट्टा मी क्वचित वाचली आहे. अर्थात गोड करण्याची हौस तेव्हाही होतीच. पहिल्या आवृत्तीत ही बाई मुलांची सख्खी आई आहे. १८४० सालच्या आवृत्तीपासून ती सावत्र झाली. सख्ख्या आईकडून असे व्हावे हे वाचणाऱ्या घरांना सोसवणार नाही, असे वाटले असावे.

स्कॉटिश नाटककार जे. एम. बॅरी याचा 'पीटर पॅन' लंडनच्या रंगभूमीवर १९०४ साली आला आणि १९११ साली कादंबरीच्या रूपात. तिथेही वेंडी आणि तिचे दोघे भाऊ रात्री घरातून नाहीशी होतात. पण त्यांना स्वतंत्र खोली आहे, खोलीत रात्रीचे मंद दिवे आहेत, राखण करणारी कुत्री अंगणात बांधलेली आहे, आणि आईबाप मेजवानीला गेलेले आहेत. खिडकीतून उडून जायला अडथळा तो कसला? बॅरी मोठा खरा, आणि मुले आनंदी असतात तशी निष्ठुरही असतात हे त्याने सांगून टाकले याबद्दल मी त्याला मानते. पण असे निष्ठुर व्हायलाही एक वेगळी खोली लागते. ज्या घरात आजी, आईबाप आणि पोरे एका ओळीत निजतात, तिथे रात्रीचे साहस म्हणजे आजीच्या पायांवरून पाय न लावता पलीकडे जाणे. तिथे मुले उडून जात नाहीत. तिथल्या तिथे, मोठ्यांच्या श्वासांच्या मध्ये, त्यांना आपली जागा काढावी लागते.

ही जागा कशी काढतात ते दाखवले माजिद मजिदी या इराणी दिग्दर्शकाने. त्याचा 'चिल्ड्रेन ऑफ हेवन' हा चित्रपट १९९७ सालचा. तेहरानमधले गरीब कुटुंब, एका खोलीचा संसार, भाडे थकलेले, आई आजारी, घरात तान्हे मूल. नऊ वर्षांचा अली बहिणीचे बूट चांभाराकडून दुरुस्त करून आणताना हरवतो. हे घरी सांगायचे कसे? नव्या बुटांना वडिलांकडे पैसे नाहीत, हे त्याला ठाऊक आहे. मग अभ्यासाला बसल्याचे निमित्त करून दोघे भावंडे वहीत एकमेकांना लिहू लागतात. अली लिहितो, वही सरकवतो. झाहरा वाचते, उत्तर लिहिते, वही परत सरकवते. चारपाच हातांवर आईबाप बोलत बसलेले आहेत. झाहरा वडिलांना सांगण्याची धमकी देते, अली विनवतो, आपली पेन्सिल तिला देऊन टाकतो. ठरते ते असे: मुलींची शाळा सकाळी, मुलांची दुपारी. अलीचे बूट सकाळी झाहराने घालायचे, धावत परत यायचे, वाटेत बूट बदलायचे, की अलीने धावत सुटायचे.

शिक्षिका म्हणून हे दृश्य पाहताना मला प्रथम हसू आले. वहीत चिठ्ठ्या लिहिणारी पोरे मी जन्मभर पकडत आले आहे. पण जी वही मोठ्यांनी तपासायची, जिच्यावर मोठ्यांची सत्ता, तिच्यातच मुलांनी आपला कारभार मांडला! एका खोलीच्या घरात त्यांनी कागदाची दुसरी खोली बांधली आणि आत जाऊन दार लावून घेतले. मजिदीने हे कुठेही बोलून दाखवलेले नाही. कॅमेरा नुसता वहीवर आणि डोळ्यांवर फिरतो.

त्याच घरात वडील मशिदीची साखर फोडत बसतात. समोर साखरेचा ढीग आहे. चहा आणून देणाऱ्या झाहराकडे ते साखर मागतात. ती म्हणते, ही एवढी समोर आहे की. वडील सांगतात, ही मशिदीची, आपल्याकडे विश्वासाने दिलेली. यातली आपण घ्यायची नाही. मुलांनी आपले गुपित अशा माणसापासून राखले आहे. ते भयाने राखले असे म्हणणे अपुरे होईल. ज्याच्यापाशी नाही त्याच्याकडे मागून त्याला लाजवू नये, हे त्या दोन जिवांना कळते. वडिलांची अब्रू ती पोरे सांभाळत आहेत. एकदा रात्री पाऊस येतो आणि बाहेर वाळत घातलेले ते एकुलते बूट भिजू लागतात. घर झोपलेले असते आणि या दोघांची मात्र घालमेल चालते. वडिलांची जी काळजी असायची ती रात्रीपुरती मुलांच्या डोक्यावर आलेली असते.

चित्रपटाच्या शेवटाकडची धावण्याची शर्यत मला लांबवलेली वाटली. तिसऱ्या क्रमांकाला बूट आहेत म्हणून तिसरे यायला धावणारा मुलगा चुकून पहिला येतो, ही कल्पना नामी आहे. पण ती ताणताना दिग्दर्शकाला प्रेक्षकांच्या अश्रूंचा मोह पडला आहे. मात्र त्यानंतर तो जे करतो त्यासाठी त्याला सगळे माफ. वडील बाजारातून परत निघाले आहेत आणि त्यांच्या सायकलवर बुटांचे दोन नवे जोड आहेत. त्यांना गुपित कळले का? नाही. पूर्वी एकदा अलीनेच सुचवले होते, की झाहराचे बूट फाटले आहेत, तिला नवे घ्या. तेवढ्यावरून, हातात पैसे आल्याबरोबर, त्यांनी दोघांनाही घेतले. इकडे मुलांना बूट येत आहेत हे ठाऊक नाही. अली सोललेले पाय अंगणातल्या हौदात सोडून बसला आहे आणि पायांभोवती मासे जमत आहेत. चित्रपट इथेच संपतो.

आमच्या एखाद्या कथाकाराने काय केले असते! बापाने पोरांना कवटाळून म्हटले असते, अरे, मला सारे ठाऊक होते. मजिदीने बापाला उदार केले, पण सर्वज्ञ केले नाही. बापाचे देणे बापापाशी राहिले आणि मुलांचे गुपित मुलांपाशी. एकाने दुसऱ्याला गिळले नाही.

मग आम्हीच का गिळतो? याचे एक कारण माझ्या मते आपल्या सर्वांच्या अतिशय आवडत्या पुस्तकात आहे, आणि ते बोलताना मला थोडा संकोच वाटतो. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रकरणांना प्रकरण म्हटलेले नाही, रात्र म्हटले आहे. रात्र पहिली, रात्र दुसरी. मराठीतले बालपणाचे सर्वांत थोर पुस्तक रात्रींचे बनलेले आहे, पण त्या रात्री गुपितांच्या नाहीत, कबुलीच्या आहेत. श्यामचे सगळे आईपाशी येऊन पोचते. आणि तिथे ते अगदी खरे आहे. कारण ही आई आता नाही, आणि ज्या मुलाने तिला दुःख दिले तो मोठा होऊन आश्रमातल्या सोबत्यांपुढे एकेक रात्र आपले मन रिकामे करतो आहे. आईला सगळे कळणे ही त्या पुस्तकात त्याची तळमळ आहे. त्याच पुस्तकात खाऊचे पैसे साठवून, घरात कोणाला न सांगता, धाकट्या भावासाठी कोट शिवून आणणारा श्यामही आहे. त्याची आठवण आम्ही कमी ठेवली. गुरुजींच्या मागून आलेल्या आम्ही लेखकांनी त्यांची सर्वज्ञ आई तेवढी उचलली आणि तळमळ तिथेच टाकली. मग उरली पांघरुणात हसणारी बाई.

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची 'पथेर पांचाली' १९२९ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातली दुर्गा आणि अपू ही भावंडे मला फार जवळची. दुर्गावर शेजारणीकडून चोरीचा आळ येतो, मार बसतो, ती नाकबूल करते. पुढे ती तापाने जाते. गाव सोडण्याच्या वेळी अपूच्या हाती ती वस्तू लागते: कादंबरीत कुंकवाची सोन्याची डबी आहे, सत्यजित राय यांच्या १९५५ सालच्या चित्रपटात माळ. म्हणजे दीदीने घेतली होती तर! अपू काय करतो? आईला सांगत नाही. कादंबरीत तो ती डबी बांबूच्या बनात भिरकावून देतो, चित्रपटात माळ तळ्यात टाकतो आणि बाजूला झालेले शेवाळ हळूहळू पुन्हा मिटते. हा प्रसंग रात्रीचा नव्हे, भर दिवसाचा आहे. आणि गुपितातला एक भागीदार तर गेलेला आहे. तरी भावंडांच्या गुपिताची इतकी पूर्ण राखण मी दुसरीकडे पाहिली नाही. आईला खरे कळायला हवे होते, असे इथे कोणत्या वाचकाच्या मनात येईल?

आता माझ्या कथेकडे येते. आली नाही तर तो अप्रामाणिकपणा होईल.

मी दहा वर्षांची होते, भाऊ सहाचा. घर दोन खोल्यांचे, कौलारू. दिवाळीला चार दिवस होते. अंगणात आम्ही किल्ला केला होता. दगडांवर पोते, पोत्यावर माती, मातीवर हळीव पेरलेले, आणि ते नुकते हिरवे होऊ लागलेले. मध्यरात्री भावाने मला हलवले. कौलांवर पाऊस वाजत होता. आश्विनातला अवेळी पाऊस. आम्ही आजीच्या पायांवरून पलीकडे गेलो, खुंटीवरची बाबांची छत्री काढली, कडी न वाजवता दार उघडले, आणि पाऊस थांबेपर्यंत किल्ल्यावर छत्री धरून बसलो. वाऱ्याने छत्रीची एक काडी वाकली. एक बुरूज ढासळला, बाकी किल्ला वाचला. पोत्याला पाय पुसून आम्ही परत येऊन निजलो.

सकाळी बाबा म्हणाले, "छत्री ओली कशी?" आई म्हणाली, "कौल सरकलं असेल वरचं." मग बाबा कौले बघायला छपरावर चढले आणि आम्ही दोघांनी खाली शिडी धरली. धड असलेली कौले ते तासभर हलवून बघत होते. भावाने एकदा माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, नाही म्हणून. बाबांना खाली यायला सांगावे असे मला वाटत होते, तोंडही उघडले होते. पण सांगितले नाही.

यावर मी कथा लिहिली ती आई गेली त्या वर्षी. कथेतली आई खिडकीशी उभी होती. मुले किल्ल्यावर छत्री धरून बसलेली ती पाहत होती आणि डोळे पुसत होती. अंक निघाला, पत्रे आली, कौतुक झाले. भाऊ दिवाळीला घरी आला तेव्हा त्याने अंक वाचला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, आई जागी नव्हती."

मी म्हटले, "कथा आहे रे."

"ते कळतं मला. तुला ती तिथं हवी होती, तेही कळतं. पण तिथं आपण दोघंच होतो."

मी त्या वेळी रागावले. लेखकाच्या स्वातंत्र्यावर त्याला बरेच ऐकवले. आईची आठवण करून लिहिलेल्या चार ओळी याला सलाव्यात, याचे वाईटही वाटले. पुढे कित्येक महिन्यांनी ती कथा पुन्हा वाचली तेव्हा दिसले, की खिडकीत आई येऊन उभी राहताच किल्ल्यापाशी बसलेल्या मुलांकडे माझे लक्षच उरलेले नाही. त्यांच्या छत्रीवरचा पाऊससुद्धा त्या ओळींपासून थांबला आहे. शिडीचा प्रसंग तर मी कथेत घेतलाच नव्हता. आई जागी होती म्हटल्यावर बाबांना छपरावर चढवता येत नव्हते! गोड शेवटाने केवढी खरी गोष्ट बाहेर काढली होती, ते मला तेव्हा समजले.

कथा आता तशीच छापलेली आहे; तिच्याबद्दल मला काही करता येत नाही. हा लेख लिहायला घेताना मात्र मी भावाला आधी विचारले. ती छत्री आता त्याच्याकडे आहे, वाकल्या काडीसकट. काडी कशी वाकली असे त्याच्या मुलांनी विचारले, की तो त्यांना सरकलेल्या कौलांचे काहीतरी सांगतो. तो म्हणाला, किल्ल्याचे लिही, शिडीचे लिही, बाबांचेही लिही. छत्रीखाली बसून आपण काय बोललो ते लिहू नकोस.

ते या लेखात नाही.